दारात न आलेली गाडी

बैल चढावर घसरला आणि त्याचा पुढचा पाय गुडघ्यात मोडला. मी बैलगाडीच्या मागून चालत होते, म्हणून तो आवाज मी ऐकला. सुकी फांदी मोडते तसा नव्हता. ओली झावळ पिळली की जसा चरचर आवाज येतो तसा होता. गाडीवरची पाण्याची पिंपं कलंडली आणि नदीवरून भरून आणलेलं सगळं पाणी जांभ्या दगडांवरून आमच्या पायांखालून खाली गावाकडे गेलं.

आबांनी बैलाला उठवायला काठी मारली. मग पुन्हा मारली. बैल मान उचलून उठायला बघे आणि मोडका पाय त्याच्याखाली दुमडे.

"आबा, पाय मोडलाय त्याचा," माझा मोठा भाऊ म्हणाला. त्याला मी दादा म्हणते.

"मग तू ये जुवाखाली."

दादाने काठी धरली. आबांनी ती हिसकून घेतली आणि तिनेच दादाच्या खांद्यावर दोन वार केले. दादा दाढीमिशीवाला माणूस, कितीतरी वर्षं मुंबईत राहून आलेला. तो नुसता उभा राहिला. आमच्या घरात मार जेवणासारखा होता. आज कोणाच्या पानात किती पडणार, एवढाच काय तो प्रश्न असे.

बैल दुसऱ्या दिवशी मेला. त्यानंतर मोटारगाडी घ्यायचं ठरलं.

दादाची मुंबईतली गिरणी बंद पडली तेव्हा तो घरी परत आला होता. गावात तशी पुष्कळ माणसं परत आली होती आणि पारावर बसून पत्ते खेळत होती. दादा पत्ते खेळला नाही. गावाच्या वर आमचा सडा आहे. सडा म्हणजे उघडा कातळ. पावसाळ्यात गवत येतं, एरवी काही नाही. दादाने तिथे सुरुंग लावून कातळ फोडला, एकेक खड्डा केला, खालून मळ्यातली माती डोक्यावरून वाहून नेली आणि त्यात हापूसची कलमं लावली. एक पावसाळा त्यांनी काढला. आता उन्हाळा लागला होता, आणि सड्यावर पाण्याचा थेंब नाही.

आबांनी अट आधीच घातली होती. "एक उन्हाळा. जगली तर तुझी, मेली तर तू मुंबईला."

मुंबईला काय होतं, ते दादालाही माहीत होतं आणि आबांनाही. तिथे त्याच्यासाठी काहीच नव्हतं.

तेव्हा डिझेलची नवी गाडी घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. म्हणून जुनी बघायची ठरली. आबांना हवी होती ती जुन्या कलमांच्या आंब्याच्या पेट्या रत्नागिरीच्या बाजारात न्यायला, आणि खरं सांगायचं तर वाडीत कोणाकडे नव्हती म्हणून. दादाला हवी होती ती मागे पाण्याची टाकी जोडून नदीपासून सड्यापर्यंतचा तो चढ चढायला. दोघंही 'गाडी' म्हणत, पण दोघांच्या डोळ्यांपुढे वेगवेगळी गाडी उभी असे.

मला बरोबर न्यायचं कारण माझी इंग्रजी शाळा. मी लहानपणापासून रत्नागिरीला मावशीकडे राहून शिकले. घरी आले की माझं मराठी ऐकून शेजारच्या बायका हसत, म्हणून मी बोलायचंच टाळत असे. गाडीची कागदपत्रं इंग्रजीत असतात. आबा म्हणाले, "वाचायचं, काय लिहिलंय ते सांगायचं, नि गप्प बसायचं." ही तिन्ही कामं मला जमण्यासारखी होती.

पहिली गाडी संगमेश्वरला पाहिली. जीपसारखं तोंड, मागे लोखंडी हौदा, सगळ्या अंगाला ताजा निळा रंग. आरशाला लिंबू-मिरची, काचेवर देवाचं चित्र. मालक गोरा, गुबगुबीत, बोलघेवडा.

"या काका. गाडी नाही, नवरी आहे नवरी. मला पोरगा असता तर हिच्याशीच लग्न लावलं असतं."

आबा हसले. बाहेरच्या माणसाजवळ ते फार छान हसत.

दादा गाडीखाली शिरला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "मागचा हूक नुसता पत्र्याला वेल्डिंगचा डाग मारून बसवलाय. टाकी जोडली तर उपटून येईल."

"तुम्ही काय मिस्त्री काय?" मालक म्हणाला.

"गिरणीत होतो."

"मग कापड बघा ना भाऊ. गाडी आम्ही बघतो."

आबा पुन्हा हसले. दादाच्या कानशिलाजवळची शीर उडताना मला दिसली.

मालकाने आम्हाला फेरी मारून आणली. दादा मागे हौद्यात उभा होता. पुढे मालक, मधे आबा, आणि खिडकीशी मी. पुढे चढ लागला तसा इंजिनचा आवाज जड झाला. मला कोणी बघायला सांगितलं नव्हतं, पण दुसरं काही येत नसल्यामुळे मी बघतच असते. मालकाचा डावा हात गिअरच्या दांडीवर होता आणि तो तिथून हलत नव्हता. आबांनी पान पुढे केलं. मालकाने ते उजव्या हाताने घेतलं. तेवढा वेळ स्टिअरिंग त्याने पोटाने आणि कोपराने धरलं. डाव्या हाताची नखं पांढरी पडली होती.

खाली उतरल्यावर मी आबांना म्हटलं, "ते गिअर धरून बसले होते. सोडला तर सुटत असेल."

मी हळू बोलले, पण मालकाने ऐकलं. आबांनीही पाहिलं की त्याने ऐकलंय. त्यांचा हात माझ्या गालावर इतका झटकन आला की मला आधी आवाज कळला आणि मग दुखलं. तोंडात खारट चव आली. दाताने गाल आतून फाटला होता.

"असू द्या हो काका," मालक म्हणाला. "इंग्रजी शाळेत घातलीत ना, असंच व्हायचं."

कागद मी वाचले. कागदांत काही वावगं नव्हतं. तसं सांगितलं आणि गप्प बसले.

एसटीत दादा माझ्या शेजारी बसला. बाहेर बघत म्हणाला, "चढावर धरला होता?"

"पूर्ण चढभर."

त्याने मान हलवली. मग आपला रुमाल खिडकीबाहेर धरून बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि माझ्या हातात दिला.

दुसरी गाडी खेडला होती. मालक वयस्कर मुसलमान गृहस्थ. बुरोंडीची मासळी भरून ते खेडच्या बाजारात आणत. गाडी बघितली आणि आबांनी नाक मुरडलं. हौद्याला मासळीचा उग्र वास, दरवाजा सुंभाने बांधलेला, बैठकीतून काथ्या बाहेर आलेला. बॉनेट आणि छपरावर लहानमोठे पोचे होते. वरून कोणी मुसळाने कांडावं तसे.

"हे काय भाई, गारा पडल्या काय?" आबांनी विचारलं.

"दगड पडले," ते म्हणाले. त्यांनी गाडीच्या बाजूला हात टेकला. "खोटं सांगून तुमच्या गळ्यात नाही बांधणार. गेल्या साली हिच्याखाली माणूस मेला. दारू पिऊन आडवा आला. पण मेला तो मेला. पोरगा माझा चालवत होता. लोकांनी त्याला खाली ओढला. दगडांनी मारला, चपलांनी मारला, एकाने जॅकची दांडी घेतली. उजवा हात तीन जाग्यावर मोडला. तो आता गाडीत बसत नाय. बसवला तर थरथरतो. म्हणून विकतो."

दादा वाकून पोच्यांवरून बोटं फिरवत होता. समोरची काच तेवढी नवी होती, बाकी सगळं जुनं.

मग तो गाडीखाली शिरला. "हूक सांगाड्याला बोल्टने आवळलाय," तो खालून म्हणाला. त्याच्या आवाजात कितीतरी महिन्यांनी मला काहीतरी हलकं ऐकू आलं.

शेजारी चिऱ्यांनी भरलेली ट्रॉली उभी होती. भाईंनी ती साखळीने हुकाला जोडली. दादा मुंबईत गाडी शिकला होता, तो चालवायला बसला, भाई त्याच्या शेजारी. गाडीने काळा धूर ओकला, सगळं अंग धडधडलं, साखळी ताणून कडकडली आणि ट्रॉली हलली. नदीकाठाचा रस्ता चढून ते वर गेले, दिसेनासे झाले, परत आले. दादाने खिडकीतून दोन्ही हात वर करून मला दाखवले. गिअर सोडलाय, असं त्याला सांगायचं होतं.

"हीच," तो उतरून म्हणाला.

आबा म्हणाले, "मेल्या माणसाची गाडी मी दारात उभी करणार नाही."

"बैल मेला, त्याला मारलेली काठी घरात आहे ती चालते?"

हे भर रस्त्यात, परक्या माणसासमोर. आबांचा हात वर गेला, पण भाई दोघांच्या मधे उभे होते. त्यांनी काही केलं नाही, नुसते हलले नाहीत. आबांनी हात खाली घेतला. "देवाला विचारू," ते म्हणाले.

आमच्याकडे कुठलीही मोठी गोष्ट ग्रामदेवाला विचारल्याशिवाय होत नाही. लग्न, विहीर, घराचा पाया, गुरं. देवाच्या पाषाणाला पाण्याने भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो आणि सगळे बसून राहतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. ह्याला कौल म्हणतात. हे मला खोटं वाटत नव्हतं, अजूनही वाटत नाही. पण गाडीचं देवाला विचारणारे आम्ही वाडीतले पहिलेच.

गुरव आबांच्या वयाचा, शांत माणूस. त्याने पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि म्हणाला, "बा म्हाराजा, ह्या लेकरान तुझ्या पायाशी गाऱ्हाणा घातलाय. खेडातली गाडी, जिच्याखाली मानूस गेला, ती ह्याच्या दारात आनायची काय? आनायची तर उजवा दी, नसल तर डावा दी. लेकराला फसवू नको."

आम्ही बसलो. आबा पुढे, दादा खांबाशी, आई आणि मी बायकांच्या बाजूला. उन्हं सभामंडपात आली आणि आमच्या पायांवरून पुढे सरकली. पाकळ्या हलल्या नाहीत. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. एक माशी देवाच्या खांद्यावर बसली, उडाली.

"देव बोलत नाय," शेवटी गुरव म्हणाला.

"म्हणजे नाही," आबा उठले. "संगमेश्वरची घेऊ. निळी."

"नाही असं म्हणाला नाही तो," दादा म्हणाला. "डावी पडलेली नाही."

"तू मला शिकवतोस?"

"निळीच्या मागे टाकी जोडली तर चढावर गिअर सुटेल. चालवणार मी आहे. बैलासारखा मी खाली जाईन, मागे टाकी घेऊन."

"जा की. घरात खाणारं एक तोंड कमी."

आई म्हणाली, "अहो." एवढंच. आबांनी वळून तिला लाथ मारली, बसल्या जागी, बरगडीत. आई एका कुशीवर गेली. तिने आवाज केला नाही. देवळात आवाज करायचा नसतो.

मग दादाने आबांचं मनगट धरलं. त्यांनी सोडवायला दुसरा हात उगारला, तोही धरला. कितीतरी वर्षांचं त्यात होतं. त्याने आबांना पिळत पिळत खाली नेलं आणि ढकलून दिलं. आबांचं कपाळ पायरीच्या कडेवर आदळलं. रक्त लगेच आलं नाही. आधी एक पांढरी चीर दिसली आणि मग ती भरली. दादा त्यांच्या छातीवर गुडघा रोवून होता. त्याची मूठ वर गेलेली होती आणि तो ओरडत नव्हता, याचीच मला भीती वाटली. गुरवाने मागून त्याला कमरेला मिठी घातली आणि ओढलं.

सगळं थांबलं तेव्हा पाषाणावर एकही पाकळी नव्हती. सगळ्या खाली पडलेल्या होत्या, काही पाण्यात, एक रक्तात.

आबा उठून बसले. एक डोळा रक्ताने मिटला होता. दुसऱ्याने त्यांनी मला शोधलं.

"तू बघत असतेस सगळं. कुठली पडली आधी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दादा धापा टाकत होता. मी एक शब्द बोलले असते तर त्याचा उन्हाळा वाचला असता, हे मला समजत होतं.

"मी देवाकडे बघत नव्हते," मी म्हटलं. "तुमच्याकडे बघत होते."

गुरवाने पाकळ्या गोळा केल्या. "मोडला कौल," तो म्हणाला. "आता शिमगा होऊन पालखी देवळात परत बसल्यावरच. त्याच्या आधी इचारायचा नाय."

शिमगा अजून व्हायचा होता, मग पालखी घरोघर फिरून परत यायची होती. तोवर सड्यावर काही जगलं नसतं.

दादा देवळातून निघाला तो घरात शिरला नाही. ओटीवरचा कोयता घेऊन तो सरळ सड्याची वाट चढला. आई बरगडी धरून त्याच्यामागे आणि मी आईच्या मागे. आम्ही पोचलो तेव्हा त्याने पहिली रांग संपवली होती. एकेका कलमापाशी वाकायचा, डाव्या हाताने शेंडा धरायचा आणि कोयता घालायचा. कातळावर पातं लागून ठिणगी उडे. तो रडत नव्हता, शिव्या देत नव्हता, गिरणीत पाळी भरावी तसा काम करत होता.

आई त्याच्यापाशी गेली आणि तिने त्याला मारलं. दोन्ही हातांनी, तोंडावर, मानेवर, जिथे लागेल तिथे. तिला मी कोणावर हात उगारताना कधी पाहिलं नव्हतं. मारायला तिला नीट येतही नव्हतं. बांगडी फुटून तिचंच मनगट कापलं.

"बापाचाच हात आला रे तुला," ती म्हणत होती. "मला वाटलं होतं एक तरी माझा होईल."

दादाच्या हातातून कोयता खाली पडला. तो खड्ड्याच्या कडेला बसला आणि आई मारायची थांबली. मी कोयता उचलला आणि दूर नेऊन ठेवला.

आबा वर कधी आले ते आम्हाला कळलं नाही. डोक्याला धोतराची चिंधी बांधलेली, ती लाल झालेली. आता काय होणार म्हणून मी आईच्या पुढे जाऊन उभी राहिले. आबांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी तोडलेलं एक कलम उचललं. मग उकिडवे बसून खाली राहिलेला बुंधा अंगठ्याने चाचपला. पुढच्या बुंध्यापाशी गेले. ह्या माणसाने आम्हा सगळ्यांना मारलं होतं, गुरांना मारलं होतं, पण झाडाला कधी नखही लावलं नव्हतं. जुन्या कलमांच्या वाळक्या फांद्यासुद्धा ते हळू मोडत.

"जोडाच्या खाली तोडलास," ते म्हणाले. "आता फुटलं तरी खालचं फुटेल. रायवळ. आंबट."



आबा रांगेच्या टोकापर्यंत गेले. जी उभी होती त्यांची पानं खालून वळायला लागली होती. त्यातलं एक पान त्यांनी तोडलं, चुरगाळलं, वास घेतला. बराच वेळ ते आमच्याकडे पाठ करून उभे होते.

"देवाला दाराचं विचारलं," ते म्हणाले. "सड्याचं विचारलं नाही कोणी."

आईने कापलेल्या मनगटाला पदर गुंडाळला.

"गाडी दारात यायची नाही. नदीवरून वर यायची नि इथेच राहायची. घराचा उंबरा तिला दिसता कामा नये. पेट्या वाहायच्या तर खालच्या रस्त्यावर आणून देऊ." मग ते वळले. "उद्या खेडला जा. ह्या पोरीला ने कागद वाचायला."

गुरवाला विचारलं तेव्हा तो खूप वेळ विचार करून म्हणाला, "ह्याच्यात कौल मोडत नाय."

गाडी आली त्या दिवशी नारळ फोडला तो नदीकाठी. भाड्याने आणलेली टाकी भरली, हुकाला जोडली. दादाच्या गालावर आईची नखं अजून दिसत होती. त्याने मला खिडकीशी बसवलं. "बघ," म्हणाला, "मला काही चुकताना दिसलं तर सांग."

चढ सुरू झाला तसा मी मागे पाहिलं. आबा टाकीच्या मागून चालत होते. दोन्ही हातांत पोटाशी धरलेला एक मोठा जांभा दगड, गाडी मागे आली तर चाकाखाली टाकायला. कपाळाची चिंधी घामाने खाली सरकली होती. बैल पडला त्या वळणावर इंजिन गुदमरलं आणि बंद पडलं. टाकीने आम्हाला मागे ओढलं. एक हात, दोन हात. दादाने ब्रेकवर पाय दाबून धरला होता, तरी चाकं जांभ्यावर घसरत होती. मग धप्प असा आवाज झाला आणि गाडी जागेवर थांबली.

मी डोकं बाहेर काढलं. आबा चाकापाशी गुडघ्यांवर होते, दगड दोन्ही हातांनी आत रेटत. टाकीचं पाणी हिंदकळून त्यांच्या पाठीवर सांडत होतं.

"बघतेस काय!" ते मला ओरडले. "सांग त्या मुडद्याला, पहिला गिअर टाक नि ओढ. मी धरलंय."

मी दादाला सांगितलं. त्याने चावी फिरवली.